अधोद्वाराची फिर्याद

महानुभाव पंथ परमेश्वराचे जे पाच अवतार मानतो, त्यांपैकी श्रीचक्रपाणी हे मूळचे फलटणचे. जनकद्विज आणि जनकाइसा यांच्या पोटी जन्मलेला हा पुरुष संसार टाकून माहूरच्या डोंगरावर गेला, तेथे व्याघ्ररूपाने आलेल्या दत्तात्रेयांचा पंजा त्याच्या मस्तकी पडला आणि पुढे तो द्वारावतीस जाऊन राहिला, एवढी हकीकत फलटणच्या श्रीकृष्ण मंदिरात किंवा आबासाहेबांच्या दर्शनास जाणाऱ्या कोणाही भाविकास ठाऊक असते. पण द्वारावतीत त्याने काय केले हे सांगताना मात्र पुष्कळांचा स्वर किंचित अडखळतो, कारण पंथाच्या ग्रंथांत नमूद आहे ते असे, की हाती खराटा व सूप घेऊन तो नगरीच्या वाटा झाडीत असे आणि जमलेला केर सुपात भरून गोमतीत टाकीत असे. ईश्वराने सिंहासनावर बसावे, शंखचक्र धारण करावे, दैत्य मारावेत, हे आपल्या कल्पनेस सहज मानवते. ईश्वराने रस्ता झाडावा हे तितके मानवत नाही. फलटणला दक्षिण काशी म्हणून गौरविणाऱ्यांनी हेही ध्यानी धरावयास हवे, की या काशीचा देव घाणीकडे पाठ फिरविणारा नव्हता.

त्याच परंपरेतील श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्रात गोळा केल्या. त्या गोळा करताना स्वामींचे बोलणे, चालणे, जेवणे, निजणे यांच्याबरोबर त्यांचे परिश्रयास जाणे, म्हणजे देहधर्मासाठी बाहेर जाणे, हेही त्याने कोणताच आडपडदा न ठेवता लिहून काढिले. आणि पुढे स्थानपोथी रचली गेली तेव्हा स्वामी कोठे बसले, कोठे मुक्कामास राहिले, या स्थानांबरोबर ते परिश्रयास कोठे गेले त्या जागाही मोजदादीत आल्या, त्यांवर ओटे बांधले गेले आणि इतर स्थानांप्रमाणेच त्याही वंदनीय ठरल्या. ज्या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत घालून शतकानुशतके जगाच्या नजरेआड ठेविले, त्याने आपल्या देवाचा देह मात्र कोणापासून लपविला नाही, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते; कारण आपण सारे नेमके याच्या उलट वागत असतो. आपले ज्ञान आपण चव्हाट्यावर मांडतो आणि आपला देह दप्तरात बांधून ठेवतो.

त्या देहाचा जो भाग आपण सर्वांत आतल्या दप्तरात बांधून ठेवतो, त्याच्या वेदनेविषयी येथे लिहावयाचे आहे. डोके दुखले तर मनुष्य घरभर सांगतो, गुडघा दुखला तर आलेल्या पाहुण्यालाही पाय लांब करून दाखवितो. परंतु गुदद्वारी वेदना सुरू झाली, की तो प्रथम ती लपवितो आणि मग स्वतःला लपवितो. पंगतीत मांडी घालून बसण्याचे टाळतो, एस. टी.त जागा मिळाली तरी दांडीला धरून उभा राहतो, ऊस घालावयास निघालेल्या ट्रॅक्टरवर एका कुल्ल्यावर भार देऊन कारखान्यापर्यंतची खडखड सोसतो, आणि औषधाच्या दुकानात गेला तर दुसरे गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची चौकशी करीत राहतो. घरातील सुनेची स्थिती याहून बिकट असते, कारण बाळंतपणानंतर सुरू झालेली ही पीडा सासूस सांगावी तर संकोच आणि नवऱ्यास सांगावी तर त्याहून अधिक. अखेरीस ज्याच्याकडे ही फिर्याद प्रथम दाखल होते, तो बहुधा बसस्थानकाच्या आसपास ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : बिना ऑपरेशन’ अशी पाटी लावून बसलेला कोणी तरी असतो, आणि त्या पाटीची सारी कमाई तिच्या ज्ञानावर चालत नसून येणाऱ्याच्या लाजेवर चालत असते, हे सांगण्यास फारशा पुराव्याची गरज नाही.

पण लोकांपासून लपविणे ही या लाजेची केवळ बाहेरची बाजू झाली. आतल्या बाजूस एक प्रश्न बसलेला असतो, आणि तो वैद्यकाचा नसून धर्माचा असतो: हे मलाच का, आणि याच ठिकाणी का? छातीत कळ आली तर मनुष्य मृत्यूचा विचार करतो. येथे कळ आली तर पापाचा करतो. आपल्याकडे कर्मविपाक या नावाने जे वाङ्मय निर्माण झाले, त्यात अमुक पापाचे फळ अमुक रोग, आणि त्या रोगाचा परिहार अमुक दान, जप वा व्रत, अशी बांधीव कोष्टके आहेत, आणि त्यांतून मूळव्याध व भगंदर सुटलेले नाहीत. ही कोष्टके आज फारसे कोणी उघडून पाहत नाही. तथापि त्यांचा निकाल न वाचताच आपण मान्य केलेला असतो, कारण शरीराचे जे द्वार अपवित्र, तेथील दुःखही अपवित्रच असले पाहिजे आणि अपवित्र दुःखास कारणही तसलेच काही असले पाहिजे, ही तर्कपरंपरा मनात आपोआप चालू होते.

कर्मसिद्धान्ताची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. जगात दुःख अन्यायाने वाटले गेले आहे या अनुभवास ज्या काही गंभीर उत्तरांनी मनुष्यजातीने तोंड दिले, त्यांत या सिद्धान्ताची गणना करावीच लागेल, आणि ‘कोणीही केल्यावाचून काही भोगीत नाही’ या श्रद्धेने अनेकांना अत्यंत कठीण प्रसंगी धीर दिला आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सिद्धान्त धीर देतो तेव्हा आणि सिद्धान्त तोंड बंद करतो तेव्हा त्याचे स्वरूप एकच राहत नाही. रोग्याने स्वतःच्या दुःखाविषयी कर्माचे नाव घेतले तर ती सहनशीलता होते. दुसऱ्याच्या दुःखाविषयी घेतले तर तो फैसला होतो, आणि तो देण्याचा अधिकार आपणास कोणी दिला हे विचारावयास हवे.

हा प्रश्न वैद्यकाच्या आपल्याच जुन्या ग्रंथात स्पष्टपणे विचारला गेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, पांचालदेशी कांपिल्यनगराजवळ गंगेच्या तीरावर फिरत असताना, अग्निवेश आपल्या गुरूस, आत्रेयास, विचारतो की मनुष्याचे आयुष्य नियत आहे की नाही. आत्रेयाचे उत्तर असे, की पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव आणि या देहात केलेले ते पुरुषकार. दोहोंच्या बलाबलावर सारे अवलंबून आहे, आणि दुर्बळ दैवास प्रबळ पुरुषकार हटवू शकतो. सर्वच नियत असते, तर औषधी, मंत्र, पथ्य यांच्या नादी कोणी लागले नसते, आणि मस्तवाल हत्ती किंवा पिसाळलेले जनावर समोर आले असता कोणी वाटही सोडली नसती, असा त्याचा रोखठोक युक्तिवाद आहे. गाडीचा आस चांगला असूनही अतिभाराने, वाईट रस्त्याने किंवा वंगणाच्या अभावी मुदतीपूर्वीच मोडतो, तसेच शरीराचे आहे, हा त्याचा दृष्टान्त फलटण तालुक्यात बैलगाडी हाकलेल्या कोणाही म्हाताऱ्यास टीकेवाचून कळेल. आत्रेय कर्म मानतो, पण त्याच्या नावावर वैद्याची चौकशी बंद होऊ देत नाही.

याच संहितेने देहातील प्राणाची जी दहा स्थाने सांगितली, त्यांत दोन शंख (कानशिले), हृदय, बस्ती, मस्तक, कंठ, रक्त, शुक्र आणि ओज यांच्या पंक्तीस गुद बसविले आहे. सुश्रुताने एकशेसात मर्मे मोजली आणि ज्यांवर आघात झाल्यास मनुष्य सद्यः प्राणास मुकतो अशी जी एकोणीस वेगळी काढली, त्यांत गुदाची गणना केली. आणि जे आठ महारोग म्हणून नमूद केले त्यांपैकी अर्श (मूळव्याध) आणि भगंदर असे दोन या एका जागेचे आहेत. योगमार्गाने तर याच प्रदेशात मूलाधारचक्र कल्पिले, तेथे गणपतीचे नित्य अधिष्ठान मानले, आणि ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंध वर्णिताना टाच कोठे व कशी टेकावी याचे जे सूक्ष्म विवरण केले ते वाचताना कोणा वारकऱ्याने कधी खाली मान घातल्याचे ऐकिवात नाही. रोज स्नान करून अथर्वशीर्ष म्हणणारा गृहस्थ ज्या ठिकाणी गणपती वसतो म्हणून मोठ्याने उच्चारतो, त्याच ठिकाणाची तक्रार डॉक्टरापुढे मांडावयाची वेळ आली, की त्याची वाचा बसते.

आता वेदना होते ती कशाने, हे पाहू; कारण कारणांचा विचार केल्यावाचून केलेली तत्त्वचर्चा ही एक प्रकारची पळवाटच असते. गुदमार्ग हा जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा आहे, आणि त्याच्या आत, बाहेरच्या कडेपासून सुमारे दोन सेंटिमीटरांवर, दातेरी दिसणारी एक रेषा आहे. त्या रेषेखालील त्वचेस बोटाच्या टोकास असतात तसल्या तीव्र संवेदनेच्या नसा आहेत. त्या रेषेवरच्या अस्तरास कापल्याचे वा टोचल्याचे दुःख जवळजवळ कळत नाही. म्हणून आतली मूळव्याध पुष्कळदा रक्ताने भांडे लाल करूनही दुखत नाही, आणि रेषेखाली पडलेली तांदळाच्या दाण्याएवढी चीर मनुष्यास घामाघूम करते. या चिरेस आज सर्वजण फिशर म्हणतात. जुन्या वैद्यांनी कात्रीने कापल्यासारखी वेदना म्हणून तिला परिकर्तिका म्हटले. घट्ट मळ उतरताना ती पडते, दहांपैकी नऊ वेळा मागल्या बाजूस मध्यावर पडते, कारण तेथे रक्ताचा पुरवठा मुळात तोकडा असतो, आणि शौचाच्या वेळी काच फिरावी तशी कळ येऊन पुढे तास दोन तास आग होत राहते.

पण ती भरून का येत नाही, याचे कारण अधिक चिंतनीय आहे. त्या द्वारास दोन वळ्यांचा पहारा आहे. बाहेरचे वळे आपल्या इच्छेच्या हुकमतीत आहे, आतले नाही. चीर पडली, की आतले वळे आपल्याला न विचारता आवळते, आवळल्याने तेथील रक्त आटते, रक्त आटल्याने जखम भरत नाही, जखम भरत नाही म्हणून पुन्हा दुखते, आणि दुखते म्हणून मनुष्य शौचास जाण्याचे टाळतो. टाळल्याने मळ अधिक वाळतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा उलते. दैव आणि पुरुषकार यांची सीमा देहात कोठे दाखवावयाची झाली तर मी याच दोन वळ्यांकडे बोट दाखवीन. आतल्यास आज्ञा करता येत नाही. पण बाहेरून जे करता येते ते केले असता तेही सैल पडते, आणि चिकित्सा म्हणून जे काही आहे ते सारे या एका वाक्यात बसते. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनतीनदा दहापंधरा मिनिटे बसणे, पाणी भरपूर पिणे, भाजी, फळे, कोंड्यासकट भाकरी आणि रात्री इसबगोल यांनी मळ मऊ राखणे, कुंथत न बसणे; एवढ्याने ताज्या चिरांपैकी बहुतेक काही आठवड्यांत भरतात. जुन्या झालेल्यांवर त्या वळ्यास शिथिल करणारे डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरिन यांचे मलम डॉक्टर देतात, आणि त्यानेही न भागल्यास आतल्या वळ्याचा थोडासा भाग शस्त्राने छेदून कोंडलेले रक्त मोकळे करतात.

सर्वच वेदना या एका घरची नसते. एकाएकी उठलेली, निळसर, टणक आणि हात लावू न देणारी गाठ हे बहुधा बाहेरच्या मूळव्याधीत गोठलेले रक्त असते, आणि तिचे दुःख पहिल्या दोनतीन दिवसांत कळसास पोहोचून मग उतरू लागते. दिवसरात्र ठसठसणारी, बसू न देणारी आणि अंगात ताप आणणारी वेदना म्हणजे गळू होय. तेथे पोटीस बांधून वाट पाहणे धोक्याचे असते, विशेषतः मधुमेह असणाऱ्यास, कारण आतला पू बाहेर काढणे हेच त्याचे औषध आहे. ते गळू आपोआप फुटून किंवा फोडून जी वाट मागे राहते ते भगंदर. माकडहाडाचे दुखणे वेगळे, तेथील स्नायू आवळून राहिल्याचे वेगळे. आणि ज्याची खरी धास्ती बाळगावयाची तो कर्करोग पुष्कळ काळपर्यंत दुखतच नाही. रक्त पडणे, शौचाची वर्षानुवर्षांची सवय बदलणे, वजन उतरणे, पोट साफ झाल्याचे समाधान न होणे, एवढ्याच खुणांनी तो आपली वर्दी देतो. पन्नाशीच्या आसपासच्या मनुष्याने ‘मूळव्याधच असेल’ म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करणे, आणि डॉक्टराने बोटाने तपासल्यावाचून मलम लिहून देणे, या दोन्ही गोष्टींत लाज हीच खरी गुन्हेगार असते. मग तिला कोणी सभ्यता म्हणो.

भगंदराच्या चिकित्सेविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह होतो. सुश्रुताने त्याचे पाच प्रकार सांगितले, अर्शासाठी औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि अकराव्या शतकात वंगदेशीच्या चक्रपाणिदत्ताने, ज्याचे नाव फलटणच्या अवताराशी जुळावे हा निव्वळ योगायोग होय, हळद व निवडुंगाचा चीक यांची पुटे दिलेला दोरा आपल्या ग्रंथात वर्णिला. पुढे ही विद्या ग्रंथांतच पडून राहिली. तिचे पुनरुज्जीवन काशी हिंदू विश्वविद्यालयात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. प्र. ज. देशपांडे यांनी केले. आज जो क्षारसूत्र म्हणून ओळखला जातो, त्यास निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकूण एकवीस पुटे असतात. तो भगंदराच्या वाटेतून ओवून बांधला जातो आणि आठवड्या-आठवड्याने बदलला जातो, तसतशी ती वाट हळूहळू कापली जाते आणि मागून भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने शस्त्रक्रियेशी त्याची पद्धतशीर तुलना करविली, तिचा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला; बरे होण्यास दोऱ्याने अधिक वेळ लागतो, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहते, असे त्यात दिसून आले. मंगळागौरीच्या पत्रीत जो आघाडा आपण देवीस वाहतो तोच या उपायात कामी यावा, याचे कोणास नवल वाटेल. मला मात्र, पोथीतील एका श्लोकाची परीक्षा आधुनिक तराजूवर व्हावी आणि ती करण्यास कोणी संकोच करू नये, याचेच अधिक समाधान वाटते.

संकोचाचा विषय निघाला म्हणून बौद्ध विनयपिटकातील दोन प्रसंग सांगावेसे वाटतात. मगधाचा राजा बिंबिसार यास भगंदर झाले. त्याच्या वस्त्रास रक्ताचे डाग दिसू लागले तेव्हा राण्यांनी, महाराजांस आता ऋतू प्राप्त झाला, अशी त्याची चेष्टा केली, आणि तो राजा असूनही लाजेने कोंडला. तक्षशिलेहून विद्या संपादून आलेल्या जीवकाने नखावर औषध नेऊन एका लेपात त्यास बरे केले. दुसऱ्या प्रसंगी राजगृहात आकाशगोत्र नावाचा वैद्य एका भिक्षूच्या भगंदरावर शस्त्र चालवीत असता भगवान बुद्ध तेथे आले. त्यांना पाहून त्या वैद्याने, हे पाहा, याचे द्वार घोरपडीच्या तोंडासारखे दिसते, असे हसून म्हटले. बुद्ध काही न बोलता परत फिरले, त्यांनी संघ जमविला, आणि त्या प्रदेशाच्या दोन अंगुळांच्या आत शस्त्रकर्म करू नये असा नियम घातला. कारणे दिली ती अशी, की तेथील त्वचा नाजूक असते, व्रण भरणे कठीण असते आणि शस्त्र आवरणे अवघड जाते. तिन्ही कारणे शारीरिक आहेत; पाप, अपवित्रता, पूर्वजन्म यांचा उल्लेखही नाही. तो नियम आजच्या शस्त्रवैद्यकास लागू करावयाचा नाही हे उघड आहे. परंतु ज्या क्षणी तो निर्माण झाला तो क्षण विसरता येत नाही, कारण शस्त्र मागे सारले गेले ते, निदान त्या दिवशी, वैद्याच्या हसण्यानंतर.

आणि पापाचा शोध घ्यावयाचाच असेल, तर तो रोग्याच्या मागल्या जन्मात घ्यावा की याच जन्मात त्याच्या भोवती, हाही प्रश्न उरतो. चरकाने ज्या तेरा वेगांचा अवरोध करू नये म्हणून सांगितले त्यांत मलवेग आहे, आणि तो रोखल्याने होणाऱ्या पीडांची यादी त्याने दिली आहे. आता आषाढीपूर्वी लोणंद, तरडगाव करीत ज्ञानोबांची पालखी फलटणास येते आणि विमानतळाच्या मैदानावर तिचा तळ पडतो, तेव्हा त्या अथांग समुदायात ज्या हजारो स्त्रिया असतात त्यांनी हा वेग पिढ्यानपिढ्या कसा व किती काळ रोखिला असेल, याचा हिशेब कोणत्या दप्तरात आहे? पहाटेचा अंधार सरला, की पुढचा अंधार पडेपर्यंत थांबावयाचे, म्हणून पाणी कमी प्यावयाचे, म्हणून मळ वाळावयाचा, म्हणून चीर पडावयाची. ही कार्यकारणाची साखळी पूर्वसंचितापर्यंत नेण्याची गरज नाही, ती नगरपालिकेच्या आणि सरकारच्या दारापाशीच संपते. अलीकडे निर्मल वारीच्या निमित्ताने तळांवर फिरती शौचालये उभी राहू लागली आहेत ही गोष्ट कोणत्याही कीर्तनाइतकी धार्मिक आहे, आणि खराटा हाती घेऊन पंढरीची वाट झाडणाऱ्या गाडगेबाबांना ती सांगावी लागली नसती. ज्या अध्यायात आत्रेयाने दैव-पुरुषकाराचा निवाडा केला, त्याच अध्यायात त्याने जनपदांवर कोसळणाऱ्या आपत्तीचे मूळ अधर्मात दाखविले आहे. पण त्या अधर्माचा आरंभ तो रोग्यापासून करीत नाही, देश, नगर आणि जनपद यांच्या प्रधानांपासून करतो. कर्मविपाकाची कोष्टके रचणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचला असता, तर त्यांत आणखी काही सदरे पडली असती.

इतके सारे मान्य केले तरी एक वेदना अशी राहते, की जिच्यापुढे हा सारा युक्तिवाद थबकतो. निरोगी मनुष्य मध्यरात्री गाढ झोपेत असताना गुदाच्या आत खोलवर कोणी मुठीने पिळावे अशी कळ उठते, काही क्षण किंवा काही मिनिटे टिकते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत जाते, आणि मागे काहीही ठेवीत नाही. तपासले तर चीर नसते, गाठ नसते, व्रण नसतो. वैद्यकाने तिला प्रॉक्टाल्जिया फ्युगॅक्स असे भारदस्त लॅटिन नाव दिले आहे, त्याचा अर्थ पळपुटे गुददुःख एवढाच होतो. स्नायूचा आकस्मिक आकडा हे तिचे संभाव्य कारण सांगितले जाते. तो का येतो, आज का आला, महिनाभर का आला नव्हता, यास खात्रीचे उत्तर नाही. कोमट पाण्यात बसावे, थोडे चालावे, आणि ती धोक्याची नाही हे ठाऊक असावे, एवढेच तिच्यावर करता येते. त्यांतले तिसरे औषध सर्वांत गुणकारी असते, कारण दुःखाचा अर्धा भार भयाचा असतो.

कारणांच्या शोधास मी जे महत्त्व दिले ते येथे अपुरे पडते, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु येथेही कर्मविपाक काही अधिक सांगत नाही. तो फक्त अज्ञाताच्या जागी अपराध आणून बसवितो, आणि मध्यरात्री उठून बसलेल्या मनुष्यावर वेदनेबरोबर आरोपही लादतो. महानुभावांच्या ग्रंथांत अवताराच्या देहासही व्यथा होतात. परमेश्वरास संचित नसते, भोगावयाचे पाप नसते, हे त्या पंथाचे पक्के मत. आणि तरीही व्यथा येते ती देह धारण केला म्हणून, एवढेच त्याचे कारण त्यांना पुरेसे वाटते. हे उत्तर मला कोष्टकांहून अधिक धार्मिक वाटते. ज्यास देह आहे त्यास तो संपूर्ण आहे, वरपासून खालपर्यंत आहे, आणि त्याच्या कोणत्याही भागात काही दुखले तर ते दुखणे कोणा ना कोणापुढे उच्चारण्याचा त्यास हक्क आहे. मग ती सासू असो, डॉक्टर असो किंवा देव असो. यांपैकी डॉक्टरापुढे आधी जावे, अशी माझी सूचना आहे.